गाण्याची पहिली यत्ता

भगिनींनो, यंदाच्या स्मरणिकेत कोणी काय लिहायचे याची वाटणी झाली तेव्हा पाककृती, विणकाम आणि बाळाचे संगोपन हे विषय माझ्या आधीच उचलले गेले होते. राहता राहिला इतिहास. तो माझ्या वाट्याला आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लढाया, तह आणि सनावळ्या मला सांगता यायच्या नाहीत. परंतु आपण मिरजेत राहतो. ज्या गावच्या तंबोऱ्याला साऱ्या देशातून मागणी येते आणि ज्याच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावच्या बाईने गाण्याचा इतिहास सांगितला तर तो आगाऊपणा ठरू नये. गवयांची चरित्रे पुष्कळांनी लिहिली आहेत. मला सांगायचे आहे ते नवशिक्यांविषयी. ज्याला काहीच येत नाही अशा माणसाला, आणि त्यातही तुमच्या-माझ्यासारख्या घरातल्या मुलीला, गाण्याची पहिली यत्ता कशी मिळाली आणि ती पुढे विद्यापीठापर्यंत कशी जाऊन पोचली, त्याची ही हकीकत आहे.

पूर्वी गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी जाऊन राहायचे. आपल्या मिरजेचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (जन्म १८४९) यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. त्यांनी ती मिळवली कशी हे वाचले म्हणजे अंगावर काटा येतो. घर सोडले, पायी हिंडले, मिळेल तिथे जेवले. धारला देवजीबुवांकडे राहिले, तेव्हा म्हणे गुरुपत्नीने त्यांना फार छळले आणि शेवटी तिच्यामुळेच त्यांना तिथून निघावे लागले. मग पुढे ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. ही गोष्ट सांगणारे सगळे त्या बाईला कजाग ठरवून मोकळे होतात. मला मात्र वाटते, शिष्याने पाणी भरले, लाकडे फोडली, गुरूचे पाय चेपले हे सगळे लिहून ठेवले आहे; पण या शिष्यांना दोन वेळा भाकरी थापून घालणारी कोण होती? तिला कोणी विचारले होते का? गाण्याच्या इतिहासात चूल कुठेच पेटलेली दिसत नाही, आणि जेवणे मात्र सगळ्यांची झालेली असतात. असो.

या रीतीत गुरूचे मन वळेपर्यंत वर्षे जात. एखादी चीज मिळाली तर भाग्य. काय शिकवायचे, कधी शिकवायचे, किती शिकवायचे हे सर्व गुरूच्या मर्जीवर. वहीत लिहून घ्यायची सोय नव्हती, कारण लिहिण्याची सर्वमान्य पद्धतच नव्हती. हे मुलग्यांचे झाले. मुलीचे तर नावच काढायला नको. नवव्या-दहाव्या वर्षी जिचे लग्न व्हायचे ती परक्याच्या घरी राहून गाणे काय शिकणार? घरातल्या बाईने जात्यावर ओव्या म्हणाव्यात, मंगळागौरीला फेर धरावा, देवापुढे आरती म्हणावी. तिने तंबोरा हातात घेतला की लोक भलतेच काही समजत.

मग स्त्रिया गातच नव्हत्या काय? गात होत्या, आणि फार उत्तम गात होत्या. पण त्या कलावंत घराण्यातल्या. त्यांच्याकडे उस्ताद घरी येऊन शिकवीत. गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर अशाच घरांतून आल्या आणि अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकून देशात नाव काढून गेल्या. आपल्यासारख्यांच्या घरांनी ज्यांना दाराशी उभे केले नाही, त्यांनीच हे गाणे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. पुढे ‘सभ्य घरात गाणे आणायचे’ अशी चळवळ झाली तेव्हा या बायांना मात्र नावे ठेवली गेली. ते मला कधी पटले नाही. इतिहास लिहायला बसल्यावर हे झाकून ठेवता येत नाही, म्हणून लिहिले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर (जन्म १८७२) यांच्या डोळ्यांना लहानपणी दारूकामात इजा झाली. शाळेचे शिक्षण होईना, म्हणून मिरज संस्थानच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकू लागले. म्हणजे आपल्याच गावात, आपण रोज बाजारात जातो त्याच रस्त्यांवरून ते गेले-आले असतील. चरित्रकार सांगतात की, गावात एक समारंभ झाला, त्याला विष्णु दिगंबरांना बोलावणे होते आणि त्यांच्या गुरूंना नव्हते. कारण काय, तर ते गवई! हा काटा त्यांच्या मनात कायमचा रुतला. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. गावोगाव हिंडत, काठेवाडात तिकीट लावून जलसे करीत ते उत्तरेला गेले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. लाहोर आता पाकिस्तानात आहे, पण त्या विद्यालयाची मुळे शोधायची झाली तर ती कृष्णाकाठीच सापडतील.

हे विद्यालय म्हणजे काय होते? एक ठरलेली जागा, ठरलेली वेळ, वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा, फी आणि छापील पुस्तके. आज आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. पण ज्या काळी गाणे हे गुरूच्या मर्जीवर होते, त्या काळी ‘इतकी फी द्या, इतक्या वाजता या, अमुक राग या वर्षी शिकवला जाईल’ असे म्हणणे ही केवढी मोठी उलथापालथ होती! सुरुवातीला विद्यार्थीच फिरकत नसत, आणि बुवा एकटेच तंबोरे जुळवून बसत असे सांगतात. पुढे मात्र वर्ग भरू लागले. त्यांनी ‘संगीत बालप्रकाश’सारखी लहान लहान पुस्तके छापली, चिजांतील शृंगारिक शब्द काढून भक्तीचे शब्द घातले, भजने शिकवली. स्त्रियांसाठी वेगळे वर्ग ठेवले आणि ‘महिला संगीत’ या नावाची पुस्तकेही काढली. शब्द बदलल्याने गाण्याची चव गेली अशी टीका जाणत्यांनी केली, आणि ती अगदीच खोटी नसेल. पण सासऱ्यांसमोर जे गाता येत नाही ते सून शिकणारच नाही, हे त्या माणसाला बरोबर कळले होते.

शिक्षक तयार करण्यासाठी त्यांनी उपदेशक वर्ग काढला. त्यातले विद्यार्थी नऊ वर्षांचा करार करून राहत. जेवण, कपडे आणि शिक्षण विद्यालयाचे. शिस्त फार कडक. या वर्गांतून जे लोक बाहेर पडले ते देशभर पसरले. १९०८ साली विद्यालय मुंबईला आले, मोठी इमारत झाली, आणि त्या इमारतीच्या कर्जापायीच पुढे तिचा लिलाव झाला. एवढा नावाजलेला माणूस शेवटी नाशकात रामनामात राहिला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेतच त्यांचा देह पडला. त्यांचा मुलगा दत्तात्रेय तेव्हा अवघा दहा वर्षांचा. त्याला शिकवले कोणी? वडिलांच्या शिष्यांनीच. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले, तिथे हा मुलगा शिकला आणि द. वि. पलुस्कर या नावाने सर्वांना माहीत झाला. १९५५ साली ऐन उमेदीत तो गेला हे दुःख वेगळेच. शिष्यांनी १९३१ सालीच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षा त्याच मंडळाच्या, आणि त्यांचे कामकाज बरीच वर्षे आपल्या मिरजेतून चालत आलेले आहे.

यातली प्रारंभिक परीक्षा मीही दिली आहे. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी! शाळेचा दाखला कोणी मागितला नाही. माझ्या अलीकडे तिसरीतला एक मुलगा बसला होता आणि पलीकडे एक निवृत्त पोस्टमास्तर. परीक्षकांनी मला भूपातली सरगम विचारली आणि हातावर त्रिताल धरायला सांगितला. सोळा मात्रा मोजताना नवव्या मात्रेची खाली हातातून निसटू नये म्हणून मी पायाचा अंगठा जमिनीला रोवून धरला होता. ते राहू द्या.

दुसरे थोर पुरुष पंडित विष्णु नारायण भातखंडे. नाव तेच, पण स्वभाव निराळा. मुंबईच्या वाळकेश्वरला १८६० साली जन्म, बी. ए., एलएल. बी. झालेले वकील. पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत ते गाणे शिकले. पत्नी गेली, मागोमाग मुलगीही गेली. मग वकिली सोडून त्यांनी सारा जन्म गाण्याच्या शास्त्राला वाहिला. उस्तादांकडे जाऊन जाऊन चिजा मिळवल्या, लिहून काढल्या आणि छापल्या. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग आहेत, आणि मूळ मराठीत आहेत हे आपल्यापैकी पुष्कळजणींना माहीत नसेल. पहिल्या भागात दहा थाटांचे दहा राग आहेत. त्यांची लिपी इतकी सोपी की सातवी शिकलेलीलाही दोन दुपारींत वाचता येते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब. समेला फुली आणि खालीला पूज्य. स्वेटरच्या विणीची खूण वाचता येते तिला हे जड नाही.

त्यांनी स्वतः ‘चतुर’ या नावाने लक्षणगीते रचली. लक्षणगीत म्हणजे ज्या रागात ते गायचे त्याच रागाचे नियम शब्दांत सांगणारे गीत. कोणता स्वर मुख्य, कोणता वर्ज्य, राग कोणत्या वेळी गावा, हे गाता गाताच पाठ होते. पुरणपोळीची कृतीच ओवीत बांधून द्यावी तसे. नवशिक्याची इतकी काळजी त्याआधी कोणी घेतली होती, असे मला तरी दिसत नाही.

१९१६ साली बडोद्यास सयाजीरावमहाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती भातखंड्यांच्या खटपटीने. बडोद्याला गायनशाळा तर त्याच्याही आधीची, १८८६ ची, मौलाबक्ष यांची. १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघाले आणि १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज. प्रांताच्या गव्हर्नरचे नाव दिलेले हे कॉलेज पुढे श्रीकृष्ण रातंजनकर यांनी वर्षानुवर्षे चालवले, आणि आता ते भातखंड्यांच्याच नावाचे विद्यापीठ झाले आहे. या लखनौला आणि ग्वाल्हेरला शिकलेल्या सुमती मुटाटकर (जन्म १९१६, बालाघाट) यांची गणना संगीतात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत होते. दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. मराठी बाई, आणि विद्यापीठात गाण्याची प्रमुख!

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांची दारे उघडली. १९४९ साली बडोद्याचे विद्यापीठ झाले, तेव्हा तिथले संगीत महाविद्यालय त्यात आले. १९५० साली बनारसच्या हिंदू विद्यापीठात विष्णु दिगंबरांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर संगीताचे प्रमुख झाले, व्हायोलिनवादक एन. राजम यांनी पुढे तिथेच जन्मभर शिकवले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी खैरागढला तर निव्वळ संगीत आणि कलांचे विद्यापीठ निघाले. खैरागढच्या राजाराणीची लहान मुलगी इंदिरा वारली. तिच्या नावाने त्यांनी आपला राजवाडा विद्यापीठाला देऊन टाकला. इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय ते हेच. तेव्हा ते मध्यप्रदेशात होते, आता छत्तीसगढात आहे. लेकीच्या मागे आई काय काय करते ते आपल्याला ठाऊक आहे. पण साऱ्या देशाच्या मुली जिथे गातील असे घर करून ठेवणारी आई विरळाच.

महाराष्ट्रात श्रीमती नाथीबाई ठाकरसी विद्यापीठात डॉ. प्रभा अत्रे संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. वीणा सहस्रबुद्धे यांचे वडील शंकर श्रीपाद बोडस हे विष्णु दिगंबरांचे शिष्य. गुरूच्या सांगण्यावरून ते कानपूरला जाऊन राहिले. लेक घरीच गाणे शिकली, अलंकार झाली, डॉक्टर झाली आणि पुढे पुण्याला याच विद्यापीठात शिकवू लागली. १९८७ साली पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र निघाले. त्याला ‘गुरुकुल’ असेही म्हणतात, कारण वर्गाबरोबर गुरूपुढे बसून शिकण्याची सोय तिथे ठेवलेली आहे. विद्यापीठाने जुनी रीत पुन्हा आत बोलावली असे म्हणा ना.

ती का बोलवावी लागली, हेही सांगितले पाहिजे. आमच्या गल्लीतली एक मुलगी बारावी होऊन आता गाण्यात बी. ए. करायला निघाली आहे. तिच्या आजीचे म्हणणे, ‘कॉलेजात कधी गवई झालाय का कोणी?’ आजीचा प्रश्न चुकीचा नाही. मोठमोठे गवई बहुतेक गुरूच्या घरचेच. वर्गात वीस मुले बसतात. मुलाची पट्टी काळी एक, मुलीची काळी पाच. एका तंबोऱ्यावर दोघांनी गायचे कसे? मग कोणाचा तरी आवाज चिरकतो, नाहीतर कोणाचा तरी खाली बुडतो. पाऊण तासाचा तास. सूर लागायलाच अर्धा तास जातो, आणि नेमका लागला की घंटा. वर वर्षाअखेर परीक्षा, तिथे ठरलेले राग, ठरलेली मिनिटे. गाणे घड्याळात मावत नाही हे खरेच आहे.

पण आजीने दुसरी बाजू पाहिली नाही. वर्षाआधी काहीही न येणाऱ्या मुलीला पहिल्या वर्षाला काय मिळते? आधी तिचा स्वतःचा षड्ज शोधून देतात. मग अलंकार, पलटे, एकेका रागातली सरगम, लक्षणगीत, छोटा ख्याल. तालाची दुगुण हातावर. शास्त्राच्या पेपरात राग, थाट, श्रुती आणि गायकांची चरित्रे. दुसऱ्यांचे गाणे ऐकायला मिळते, चार जणींबरोबर बसून चुकायला मिळते. आणि मुख्य म्हणजे यासाठी तिला कोणाच्या घरी पाणी भरावे लागत नाही, कोणाची मर्जी राखावी लागत नाही, आणि कोणाच्या बायकोला तिची भाकरी थापावी लागत नाही. प्रवेशाच्या वेळी सूर आणि लय पाहतात. घराणे, जात, बाप गवई आहे की नाही, हे विचारत नाहीत.

तिच्या आईने मला विचारले, तेव्हा मी तिला हुबळीच्या गंगूबाई हंगल यांची गोष्ट सांगितली. जन्म १९१३. शाळा प्राथमिक यत्तांतच सुटली. रेल्वेने हुबळीहून कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे त्या शिकल्या; कॉलेजाची पायरी विद्यार्थिनी म्हणून कधी चढल्या नाहीत. आणि त्याच बाईंना धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने संगीताचे मानद प्राध्यापकपद दिले. आईला ही गोष्ट आवडली, पण तिने लगेच उलटा प्रश्न केला, ‘म्हणजे कॉलेजाशिवायही होतेच की!’ मी म्हटले, होते. ज्यांच्या घरी आई गाते आणि ज्यांना सवाई गंधर्व भेटतात, त्यांचे होते. तुझ्या घरी आई मेसचे डबे करते. ती हसली, आणि फॉर्म भरायला तयार झाली. आजी अजून तयार नाहीत. त्यांचे म्हणणे आहे की, लग्न ठरवताना ‘मुलगी गाते’ एवढे सांगितलेले बरे दिसते, ‘गाण्यात पदवी’ म्हटले की पुढचे लोक पोटाचे विचारतात. यावर मी पोटाचेच उत्तर दिले : शाळांतून संगीतशिक्षिका लागतात, क्लास काढता येतो, साथीला पेटी वाजवता येते. फार मोठी कमाई नाही. पण माझ्या हातात सातवीचा दाखला आहे, त्याने मला तेवढीही मिळालेली नाही.

तंबोऱ्याची व्यवस्था मात्र अद्याप व्हायची आहे. सतारमेकरांकडे चौकशी केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणाचे लाकूड, आणि मुलीच्या पट्टीला साजेल असा थोडा लहान बेताचा तंबोरा. नवा घेणे त्या घराला परवडणार नाही, पण दुरुस्त केलेला जुना मिळेल असे ते म्हणाले. मंडळाच्या भिशीतून काही करता येईल का, याचा विचार कार्यकारिणीने पुढच्या सभेत जरूर करावा.

आणि एक विनंती. मंडळाच्या कपाटात ‘क्रमिक पुस्तकमालिके’चा पहिला भाग आहे, असे वहीत नोंदलेले आहे, कपाटात तो नाही. ज्या भगिनीने नेला असेल तिने जूनच्या आत आणून द्यावा. नाव विचारणार नाही.